काठीवरची लाल साडी

“टाक फोन यात,” म्हणत कुंदाकाकूंनी माझ्यापुढे स्टीलचा डबा धरला. आत आधीच चार फोन पडले होते आणि डब्याला शंकरपाळ्यांचा वास येत होता.

“काकू, मला एक फोन करायचाय. एकच.”

“कुणाला करायचाय ते आम्हाला कळत नाही होय?” कुंदाकाकूंनी डोळे मिचकावले. “दोन दिवस कळ काढा म्हणावं. पुढं जन्मभर तेच तोंड बघायचंय.”

सगळ्याजणी हसल्या. माझी आईसुद्धा हसली. मंजिरीने माझ्या हातातून फोन अलगद काढून घेतला, झाकण लागलं आणि डबा जीपच्या ड्रायव्हरकडे गेला. त्याचा मेहुणा या धरणाकाठच्या बामणोलीतच राहत होता, त्यामुळे जीप, ड्रायव्हर आणि आमचे फोन असे तिघेही काठावर मुक्कामाला राहणार होते. ड्रायव्हर डबा घेऊन चढ चढत गेला आणि मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

पंधराएक वर्षं झाली या गोष्टीला. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. त्या शनिवारी सकाळी मी बाहेर पडायच्या तयारीत असताना दारात जीप थांबली आणि शाळेपासूनच्या माझ्या दोन मैत्रिणी, मंजिरी आणि शलाका, “सरप्राइज!” असं ओरडत घरात शिरल्या. मागोमाग त्यांच्या आया. मंजिरीची आई कुंदाकाकू म्हणजे आमच्या भागातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, आणि मंडळाबाहेरही जिथे जातील तिथे अध्यक्षच. शलाकाची आई विमलकाकू, त्यांचं साताऱ्यात बांगड्यांचं दुकान. आणि स्वयंपाकघरातून माझी आई बाहेर आली, हातात माझी भरलेली बॅग घेऊन. माझ्या नकळत तिने ती केव्हा भरली होती कोण जाणे. मी तोंड उघडायच्या आत मला जीपमध्ये दोन काकूंच्या मध्ये बसवून दार लावलंसुद्धा.

त्या दिवशी दुपारी मी निरंजनला साताऱ्याच्या पोवई नाक्यावर भेटणार होते. निरंजन म्हणजे माझा होणारा नवरा. “महत्त्वाचं बोलायचंय, फोनवर नको,” असं मी त्याला सांगितलं होतं आणि तो पुण्याहून यायला तयार झाला होता. मला हे लग्न करायचं नाही, एवढंच सांगायचं होतं. सोमवारपासून घरात पाहुणे उतरणार होते, मग ग्रहमख, मग हळद. त्या गर्दीत माझ्या तोंडून शब्द निघणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या हातात तो एक शनिवार होता आणि तो आता लाँचमध्ये चढत होता.

लाँच निघाली. उन्हाळ्यामुळे धरणाचं पाणी पार खाली गेलेलं, दोन्ही काठांना भेगाळलेला चिखल. शलाका माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, “आपल्या आयांना घेऊन जायची आयडिया कशी वाटली? सहाजणी, एकही पुरुष नाही.”

“छान,” मी म्हणाले. मनात म्हटलं, तिकडे तो नाक्यावर उभा राहील, वाट बघून वैतागेल आणि निघून जाईल. वर मीच आले नाही म्हणून मला समजूतदारपणे माफ करेल. माफ करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

निरंजन वाईट माणूस नव्हता, हीच तर अडचण होती. मारकुटा, दारुडा, हुंडा मागणारा असता तर माझी सुटका सोपी होती. मी एका माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे. दहावीची माझी तुकडी मार्चपर्यंत पुरी करीन, तोवर शनिवार-रविवार पुण्याला येईन, असं आमचं साखरपुड्यातच ठरलं होतं. त्याने हो म्हटलं होतं. आणि दोन आठवड्यांपूर्वी मुख्याध्यापक मला बोलावून म्हणाले, “तुमचे होणारे मिस्टर येऊन गेले. फार भला माणूस. पेढे घेऊन आले होते. जूनपासून तुम्ही येत नाही म्हणाले, तेव्हा आम्ही दुसऱ्या बाईंना सांगितलंय.”

मी निरंजनला फोन केला तर तो आनंदाने म्हणाला, “सरप्राइज! अगं, तुला त्यांना सांगायला जड गेलं असतं. म्हणून मीच तुझं ओझं हलकं केलं.”

मी आईला सांगितलं. आई तेव्हा रुखवताच्या डब्यांना झालरी लावत होती. “काळजीपोटी केलं असेल गं,” ती म्हणाली. मी संतापून तिच्याकडे बघत राहिले आणि ती झालरी लावत राहिली.

पलीकडच्या काठावर एक कौलारू बंगला होता, पर्यटकांसाठी बांधलेला. तो सांभाळणारे बाबूमामा आमच्या पिशव्या घ्यायला खाली आले. लाँचवाला म्हणाला, “उद्या संध्याकाळी येतो,” आणि निघूनसुद्धा गेला.

“मध्येच जावं लागलं तर?” मी बाबूमामांना विचारलं.

“डोंगरावरनं पायवाट हाय, पर तिकडं अस्वलं हायत ताई.”

“अस्वल परवडलं,” मी पुटपुटले.

ते त्यांनी ऐकलं नाही. काठावर रोवलेल्या उंच काठीकडे बोट दाखवून ते म्हणाले, “अडलंनडलं, दवाखान्याचं काय निघालं, तर त्या काठीला लाल फडकं बांधायचं. पल्याडनं दिसतं. लाँच येती.”

“काय अडतंय? सगळ्या धडधाकट आहोत,” कुंदाकाकू म्हणाल्या आणि मला पाठीवर हात ठेवून वर घेऊन गेल्या. त्या दोन दिवसांत माझ्या पाठीवर सतत कुणाचा ना कुणाचा हात असणार होता, हे मला तेव्हाच कळलं.

दुपारी केळवण. पाटाभोवती रांगोळी, पानात पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया. सगळ्या सामानासकट त्या आल्या होत्या. मला ओवाळलं, मध्ये बसवलं.

“उखाणा घे,” कुंदाकाकूंनी फर्मावलं.

मी तोंडात पुरणपोळी कोंबली.

“लाजली गं लाजली!”

जेवणानंतर मी हात धुवायच्या निमित्ताने मंजिरीला मोरीपाशी गाठलं. पहिलीपासूनची माझी मैत्रीण ती. तिला नाही सांगायचं तर कुणाला?

“मंजे, माझं ऐक. मला आज साताऱ्यात असायला पाहिजे होतं. मला खूप भीती वाटतेय. मला हे—”

तिने ओल्या हातांनी माझे गाल धरले. “श्श. आम्हाला ठाऊक आहे तुला टेन्शन आलंय ते. म्हणूनच आणलंय ना इथं? आता दोन दिवस काही विचार करायचा नाही. ए शलाका, ही रडणार बघ हं आता, गाणं लाव!”

शलाकाने टेपरेकॉर्डर लावला. मंजिरीने मला ओढत आत नेलं आणि आम्ही नाचलो. मी नाचले, अगदी फुगडीसुद्धा घातली. आई खांबाला टेकून माझ्याकडे इतक्या समाधानाने बघत होती, की मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली.

उन्हं उतरायला लागली तशा सगळ्याजणी ओसरीवर जमल्या. कुंदाकाकूंनी पिशवीतून एक खोकं काढलं आणि मांडीवर ठेवून उघडलं. आत रेशमी साडी होती, लालभडक, सोनेरी काठांची.

“ही जावईबापूंकडून. खास आजच्यासाठी.”

“निरंजनने दिली?” माझे कान टवकारले. “म्हणजे आपण इथे आलोय हे त्याला माहीत आहे?”

कुंदाकाकूंनी जीभ चावली. “ते नंतर. आधी विमलताई, तुम्ही तुमचं काम उरका. सूर्य मावळायच्या आत.”

विमलकाकूंचं काम म्हणजे चुडा. खरं तर हिरवा चुडा लग्नाच्या आदल्या दिवशी भरतात. पण ऐन लग्नसराईत त्यांना दुकानातून हलता येत नव्हतं आणि मुलीच्या मैत्रिणीचा चुडा दुसऱ्या कुणी भरलेला त्यांना चालणार नव्हता. “आठ दिवस जपून राहील ती,” असं परस्पर ठरलं होतं. त्यांनी वर्तमानपत्रातून हिरव्यागार बांगड्या सोडवल्या, कपाळाला लावल्या आणि माझा डावा हात मांडीवर घेतला.

“भरू का गं?” त्यांनी विचारलं.

ही त्यांची पद्धत होती. दुकानात आलेल्या प्रत्येक नवरीला त्या विचारायच्या आणि नवरी “भरा” म्हणायची. लहानपणी शलाकाबरोबर दुकानात बसून मी ते कितीतरी वेळा ऐकलं होतं. त्या दिवशी मात्र मी गप्प बसले. त्या दिवसभरात मला कुणी काही विचारलंय असं ते पहिल्यांदाच होत होतं.

“भरा हो. विचारताय काय?” कुंदाकाकू मध्येच म्हणाल्या.

विमलकाकूंनी माझी बोटं जुळवली, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबला आणि पहिली बांगडी चढवली. “हात सैल सोड बाळ. आवळलास तर दुखंल.” दुसरी. तिसरी. माझ्या बांगड्या नेहमी घट्टच निवडतात, हात लहान म्हणून. डावा हात कोपराच्या दिशेने भरत गेला. या बांगड्या एकदा चढल्या की लग्न लागून सोळा दिवस होईपर्यंत काढत नाहीत, आणि काढायच्या म्हटलं तरी सहज निघत नाहीत. मी एकेक बांगडी आत सरकताना बघत होते आणि डोळ्यांतलं पाणी बांगड्यांवर टपकत होतं.

“रडू दे तिला,” कुंदाकाकू कौतुकाने म्हणाल्या. “नशीबवान आहेस हो वृषाली. मला राहवत नाही आता, सांगूनच टाकते. हे सगळं कुणाच्या डोक्यातून निघालंय माहितीय? तुझ्या निरंजनच्या! बंगला त्यांनीच ठरवला. मला मुद्दाम फोन केला, म्हणाले, काकू, तिच्या मनात काहीतरी आलंय, शनिवारी मला भेटायला बोलावलंय तिनं. तुम्ही तिला दोन दिवस लांब घेऊन जा, फोनबिन जवळ ठेवू नका, सोमवारी पाहुणे आले की आपोआप रुळेल. सांगू नका म्हणाले होते मी सुचवलं म्हणून. इतका जीव लावणारा माणूस बघितलाय कुठं?”

ओसरीवर सगळ्यांनी “अय्या” केलं. विमलकाकूंनी डावा हात पुरा केला, माझा उजवा हात मांडीवर ओढला, नवीन बांगड्या कपाळाला लावल्या.

“भरू का गं?”

“नको,” मी म्हणाले.

“आँ?”

“नको. भरू नका. मला हे लग्न करायचं नाही.”

मी ओरडले नाही, पण हात मागे घेतला. मंजिरीने टेपरेकॉर्डर बंद केला. कुंदाकाकू हसल्या.

“अगं वेडे, सगळ्यांनाच असं होतं. मी तर हळदीच्या अंगाने विहिरीच्या पायऱ्यांवर लपून बसले होते. मामांनी ओढत आणलं. झालं ना सगळं नीट?”

“नीट म्हणजे आता…” विमलकाकू बांगड्या पदरावर मांडत म्हणाल्या, “मी तीन दिवस जेवले नव्हते. आई म्हणाली, सासरी जाऊन जेव.”

“मग? जेवलातच ना?”

“जेवले की. काय करणार?”

त्यांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं की शलाका आपल्या आईकडे बघतच राहिली. तिने हे कधी ऐकलं नसावं. कुंदाकाकूंना आपली बाजू भक्कम करायची होती, म्हणून त्या माझ्या आईकडे वळल्या. “सरोजवहिनी, तुम्ही सांगा की तिला. तुम्हालासुद्धा वाटलंच असेल.”

“मला काही वाटायला वेळच कुठं होता?” आई म्हणाली. “मी दळण घेऊन घरी आले तर नाना म्हणाले, तुझं लग्न ठरलं. मी पिठाचा डबा खाली ठेवला.” ती माझ्याकडे वळली. “वृषाली, तू त्यांना आज भेटायला बोलावलं होतंस?”

“हो.”

“हेच सांगायला?”

“हो.”

“आणि ते येतो म्हणाले होते?”

“नक्की येतो म्हणाला होता.”

आई उठून उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. माझ्या आईला रागावलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय, आणि तेही बहुतेक दूध उतू गेल्यावर. “मला फोनवर म्हणाले, आई, तिला कळू न देता बॅग भरा, मला तिला खूश करायचंय. मी भरली. तुझा आवडता गाऊनसुद्धा टाकला. मला वाटलं, केवढं करतोय पोरीसाठी.” तिने पदर खोचला. “माझ्या पोरीला माझ्याच हातून कोंडून ठेवलं त्यांनी.”

“वहिनी, अहो कोंडलं काय म्हणताय? काळजीपोटी—”

“मीपण तेच म्हणाले होते तिला, त्या दिवशी,” आई म्हणाली.

तिने कुंदाकाकूंच्या मांडीवरची लाल साडी उचलली, खाकोटीला मारली आणि तरातरा काठाकडे निघाली. तिच्या पायांत चपलाही नव्हत्या.

आम्ही सगळ्याजणी मागे धावलो. काठीपाशी पोहोचून आईने साडीची घडी झटकून मोकळी केली.

“वहिनी! शुभाची साडी आहे ती! काठीला काय बांधताय?” कुंदाकाकू धापा टाकत म्हणाल्या.

“लालच लागतं म्हणाले ना बाबूमामा?”

बाबूमामा घाबरून घरामागून पळत आले. “काय झालं? कुणाला काय झालं?”

“अजून झालं नाही,” आई म्हणाली. “होऊ नये म्हणून जायचंय. जरा ही काठी वाकवा.”

त्यांनी काठी उपसली, आईने पदराची गाठ मारली, आणखी एक मारली, आणि काठी परत रोवली. साडी लांबच लांब सुटली आणि पाण्यावरच्या वाऱ्यावर फडफडायला लागली.

लाँच येईपर्यंत आम्ही चिखलाच्या कडेला बसलो. मंजिरी जरा दूर, तोंड फिरवून. मग तीच उठून जवळ आली आणि म्हणाली, “तू मोरीपाशी सांगत होतीस ना मला? मी गाणं लावायला सांगितलं.” आणि रडायला लागली. तिच्या पाठीवर हात फिरवत तिची समजूत मलाच काढावी लागली. माझ्या डाव्या हातातल्या बांगड्या त्यामुळे सारख्या वाजत होत्या.

“आणि हा चुडा?” कुंदाकाकूंनी हळूच विचारलं. त्यांचं अध्यक्षपद पार उतरलं होतं. “भरलेला चुडा उतरवायचा म्हणजे…”

विमलकाकू बंगल्यातून साबणाची वडी घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझा हात पाण्यात धरला, फेस केला आणि बांगड्या एकेक करत मागे सरकवायला लागल्या. चढवतानापेक्षा जास्त दुखलं. हाताची साल निघाली, पण एकही बांगडी त्यांनी फुटू दिली नाही.

“दोन्ही हात भरले तर चुडा,” त्या माझ्या हाताकडेच बघत म्हणाल्या. “एका हातात नुसत्या बांगड्या असतात. आणि तू भरा म्हणालीच नव्हतीस. माझीच चूक झाली. उत्तर आल्याशिवाय मी आजवर कधी भरत नव्हते.”

लाँचवाला घाईघाईने आला. “पेशंट कोण?” त्याने विचारलं. आम्ही सहाजणींनी एकमेकींकडे बघितलं आणि शलाकाला हसू फुटलं. मग मलाही.

बामणोलीला ड्रायव्हरने डबा परत दिला. कासच्या पठारावर चढल्यावर फोनला रेंज आली. मंजिरीचा फोन वाजला, शलाकाचा वाजला, विमलकाकूंना दुकानातून चार निरोप आले. माझ्या फोनवर काहीच नव्हतं. पोवई नाक्यावर माझी वाट बघणाऱ्या माणसाचा एकही मिस्ड कॉल नव्हता. मी आईला फोन दाखवला आणि मग तिच्यासमोरच त्याला लावला.

“अगं?” निरंजन म्हणाला. “तू फोन कसा केलास? लाँच तर उद्याची आहे ना?”

दिवसभर पाठ केलेलं मी सगळं विसरले होते. पण आता फारसं काही बोलायची गरज उरली नव्हती. “आज आली,” मी म्हणाले आणि राहिलेलं एक वाक्य त्याला सांगितलं. तो समजूतदारपणे बोलायला लागला, तेव्हा आईने हात पुढे करून फोन मागितला, बंद केला आणि शंकरपाळ्यांच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

पुढचे आठ दिवस सोपे गेले नाहीत. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मांडववाल्याला, आचाऱ्याला, भटजींना नाही म्हणायला आई स्वतः गेली. साखरपुड्यात आलेल्या वस्तू परत केल्या, तेव्हा निरंजनच्या आईने लाल साडीची चौकशी केली. माझ्या आईने शांतपणे सांगितलं, “ती कामाला आली.”

शाळेतली माझी जागा गेली ती गेलीच. पुढच्या वर्षी कराडच्या एका शाळेत लागले, आणि अजून तिथेच दहावीला गणित शिकवतेय. पुढे मी लग्नही केलं, दुसऱ्याशी. विमलकाकूंनीच चुडा भरला. “भरू का गं?” असं त्यांनी विचारलं आणि मी विचार करून “भरा” म्हणाले.

पण ही गोष्ट त्या लग्नाची नाही. ज्या दिवशी ते मोडलेलं लग्न लागायचं होतं, त्या दुपारी आमचा फोन वाजला. बाबूमामा बामणोलीहून बोलत होते. आईने घेतला. त्यांचा आवाज मला बाजूला बसून ऐकू येत होता.

“ताई, तुमची साडी तशीच हाय काठीवर. लाँचवाले बघत्यात आन् येत्यात. दोन खेपा वाया गेल्या त्यांच्या. काढून पाठवून देऊ का?”

“काढा,” आई म्हणाली. “पण पाठवू नका. घडी करून काठीपाशीच कुठंतरी ठेवा. कुणाला तरी लागेल.”